मागच्या खोलीतला चौथा डबा

घर तीन मजल्यांचं, खोल्या सतरा, आणि वायफाय फक्त दिवाणखान्यात. वरच्या मजल्यावर दादांचा मुलगा, म्हणजे आत्याचा भाचा, हातात फोन धरून खिडकीपाशी वाकडातिकडा उभा राही, तेव्हा कुठे त्याला समोरच्याचं बोलणं ऐकू येई. शेवटी दादा म्हणाले, "काय घ्यायचं ते एकदाच नीट घ्या," आणि सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं.

आत्या म्हणजे दादांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, तीस वर्षं कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काढली, आणि निवृत्त झाल्यावर भावाच्या घरी, स्वयंपाकघरामागच्या खोलीत येऊन राहिली. घरात तिचं मत कुणी सहसा विचारत नसे. त्यामुळे या कामाला ती हुरळून गेली. आलेखाच्या कागदावर तिने तिन्ही मजल्यांचा नकाशा काढला, फोन घेऊन प्रत्येक खोलीत पाच ठिकाणी उभी राहिली आणि नेटच्या वेगाचे आकडे मांडले. आरशाच्या कपाटामागे काय होतं, पाण्याच्या टाकीमागे काय होतं, सगळं लिहिलं.

दुकानदार आठ शिंगांचा एक मोठा राउटर गळ्यात मारायला बघत होता. "एकटा अख्खं घर सांभाळेल," तो म्हणाला.

"एकट्याने अख्खं घर सांभाळलेलं मी तरी पाहिलं नाही," आत्या म्हणाली. मधे लावायचे स्वस्त रिपीटरही तिने नाकारले. ते निम्मा वेग वाटेतच खातात. तिने निवडला तो एकमेकांशी बोलणाऱ्या डब्यांचा संच, आणि डब्यांना जोडणारी तार भिंतीतून, म्हणजे कुठे अडखळायला नको.

वहिनी म्हणाल्या, "तीन डबे पुरेत की. मजल्याला एक."

"आणि आत्याच्या खोलीचं काय?" भाच्याने विचारलं. "टाकीच्या भिंतीमागे काही पोचत नाही. चार घ्या."

वहिनींनी नाक मुरडलं, पण मुलगा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. चार घेतले. सगळ्या तारा आत्याच्या खोलीशेजारच्या सामानाच्या कपाटात एकत्र आणल्या. आत्याने वहिनींच्या फोनवर ॲप घालून दिलं, कोणती खूण कशाची ते शिकवलं आणि पासवर्ड त्यांच्या हवाली केला.

आत्याला नेट हवं होतं ते दुपारी चार ते पाच. तिच्या कॉलेजचे जुने ग्रंथपाल दुसऱ्या शहरात एकटे राहत. दोघं फोनच्या पडद्यावर बुद्धिबळ खेळत आणि खेळता खेळता बोलत. एवढंच. पण त्या तासासाठी आत्या साडेतीनला केस विंचरायची.

महिनाभर छान चाललं. एकदा जेवताना वहिनी म्हणाल्या, "वन्सं, ॲपमधे सगळं दिसतं हं. रोज चारला तासभर व्हिडिओ. म्हातारपणी काय हे डोहाळे." दादा हसले. आत्याही हसली.

त्यानंतरच्या सोमवारपासून चार वाजले की आत्याचं नेट जाई आणि पाचला येई. चूक आपलीच, असं तिने धरलं. डबा कपाटावर ठेवला, खाली ठेवला, तार बदलून आणली, पुन्हा आलेख काढले. फोनचं साधं नेटवर्क अख्ख्या घरात अधू होतं, आणि त्या खोलीत तर आधीपासूनच मेलेलं. ग्रंथपालांना ती "आज जमणार नाही" असे निरोप सकाळी पाठवून ठेवू लागली. तीन आठवडे गेले. मग त्यांची उत्तरं यायची थांबली.

शेवटी तिने दुकानातल्या तंत्रज्ञाला बोलावलं. वहिनी बाहेर गेल्या होत्या. दादांच्या फोनवरही ॲप होतं, ते त्याने उघडलं. यादी वर-खाली करून पाहिली.

"काय बिघडलंय?" आत्याने विचारलं.

"बिघाड नाही, बाई. चार ते पाच एका फोनचं नेट बंद ठेवायला सांगितलंय. रोज."

"कुठला फोन?"

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. यादीत सगळ्यांच्या फोनना वहिनींनी दिलेली नावं होती: अहो, राजा, मी. सगळ्यात खाली, तिच्या फोनपुढे, 'फुकटी'.

आत्याने दादांकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. "तुझी वहिनी गमतीने करते काहीतरी," ते म्हणाले. "मनावर घेऊ नकोस."

आत्याने मनावर घेतलं. ओरडली नाही, रडली नाही. वहिनींना कुठे लागेल याचा तिने दोन दिवस शांतपणे विचार केला. त्याला फार विचार लागलाच नाही.

गुरुवारी अकरा वाजता भाच्याची मुलाखत होती. मोठी कंपनी, शेवटची फेरी, माणसं परदेशात बसलेली. वहिनी सकाळपासून देवाला हात जोडून फिरत होत्या. अकरा वाजून दहा मिनिटांनी आत्याने सामानाचं कपाट उघडलं आणि वरच्या मजल्याची तार उपटली. वरून भाच्याचं "हॅलो, हॅलो" ऐकू आलं, मग जिन्यात धावल्याचा आवाज. तो खाली येऊन दिवाणखान्याच्या वायफायवर फोन जोडायला बघत होता. आत्याने बाहेरून येणारी मुख्य तारही काढली. चार नव्हे, चाळीस मिनिटं मोजली आणि दोन्ही तारा परत खोचल्या.

संध्याकाळी भाचा तिच्या पलंगावर येऊन बसला. "त्यांना वाटलं, प्रश्न अवघड गेला म्हणून मी पळ काढला," तो म्हणाला. "पुन्हा वेळ द्यायला नाही म्हणाले. तुला कळतं ना यातलं आत्या, असं का झालं असेल?"

आत्याने उशीची खोळ सरळ केली. या पोरानेच तिच्यासाठी चौथा डबा मागितला होता.

"होतं असं कधी कधी," ती म्हणाली. "नशीब."

तो मान हलवून उठला. महिन्याभराने त्याने एका गोदामात हिशेब तपासायची नोकरी धरली.

मुलाखतीच्या दुसऱ्याच दिवशी वहिनींनी तंत्रज्ञाला फैलावर घेतलं होतं. त्याला काही सापडेना, तेव्हा तो म्हणाला, कुणाकुणाचं नेट बंद ठेवायच्या असल्या खटपटींनीच यंत्र गोंधळतं, सगळं पुसून नव्याने लावू. पुसलं. मुलाचं वाटोळं आपल्याच बोटाने झालं असं वहिनींनी धरलं, आणि त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. आत्या जेवली.

तिसऱ्या दिवशी चारला तिचं नेट अखंड चालू होतं. तिने ग्रंथपालांना फोन लावला.

"अरे, तुम्ही," ते म्हणाले. "मला वाटलं, कंटाळलात. मी आता खाली राहणाऱ्या एका डॉक्टरांबरोबर खेळतो. समोरासमोर बसून बरं पडतं."

"बरोबर आहे," आत्या म्हणाली. "तेच बरं."

आणखी काही विचारायचं राहिलं नव्हतं. त्यांनी दुपारी झोपायची सवय लागल्याचं सांगितलं आणि फोन ठेवला.