नऊ मीटरवरची चिमटी

सासूबाईंच्या अंगणातल्या पाइपावरची जाळी त्यांच्या प्लंबर जावयानेच काढली होती. पाणी तुंबतंय म्हणून त्याला बोलावलं होतं, तेव्हा इथपर्यंत सगळं रीतसर झालं. पण तेवढ्यात त्याला मेहुण्याची स्कूटर दिसली. किल्ली तिलाच लटकत होती, आणि पन्नाशीला टेकलेल्या या गड्याचे हात शिवशिवले. किल्ली साखरेच्या डब्यात पुरून, गालातल्या गालात हसत तो अंगणात परत आला, तर सासूबाई उघड्या पाइपाशी गुडघे टेकून बसल्या होत्या आणि आतून बारीक म्यावम्याव येत होतं.

चिमटी आत गेली होती. तळहातावर मावेल एवढं मांजराचं पिल्लू. त्याची आई गाडीखाली गेली तेव्हापासून सासूबाई त्याला ड्रॉपरने दूध पाजत होत्या. त्यांनी जावयाकडे एकदाच बघितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

प्लंबर आधी गच्चीवर धावला आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून आला. आता कोणी नळ सोडला तरी पिल्लाच्या अंगावर पाणी येणार नाही, असं तो छाती काढून सांगतोय तोवर दुसऱ्या मजल्यावरून घर्रघर्र ऐकू आली. भाडेकरूचं वॉशिंग मशीन. त्यात आधीच भरलेलं पाणी होतं, आणि धुणं झालं की ते धो धो करत याच पाइपात उतरणार होतं. मेहुणा वर पळाला. दाराला कुलूप, फोन आतच वाजतोय, विजेचा मीटरही आतच. पुढे तो पाइप मोठ्या गटाराला मिळत होता. तिथे गेलेलं काही परत येत नाही, हे प्लंबरइतकं कोणाला माहीत असणार?

त्याने पेटीतून कॅमेरा काढला. लांब जाडसर केबल, टोकाला दिवा आणि भिंग, आणि किती केबल आत गेली ते दाखवणारा छोटा पडदा. केबल सरसर आत ढकलताना त्याचं लक्ष एकाच गोष्टीवर होतं, डोळे कुठे चमकतात. चमकले. पडद्यावर आकडा होता नऊ मीटर.

"सापडली," तो म्हणाला. सगळ्या घरांचा पाइप फाटकाकडे जातो, तसाच हाही जात असणार. त्याने टेप घेतली, पाइपाच्या तोंडापासून फाटकाच्या दिशेने सरळ नऊ मीटर मोजले आणि कुदळ घातली. मेहुण्याने फावडं धरलं. सासूबाई स्टुलावर बसून पाइपात तोंड घालून हाका मारत राहिल्या.

गुडघाभर खणलं. माती. आणखी खणलं, तरी मातीच. वर मशीनचा आवाज बदलला. घर्रघर्र थांबून ढवळल्यासारखा जड आवाज यायला लागला.

"दाजी, तुमचं यंत्र फेकतंय की तुम्ही?" मेहुण्याने घाम पुसत विचारलं.

  प्लंबरने केबल बाहेर ओढली, पुन्हा घालावी म्हणून. ओढता ओढता ती त्याच्या पायाशी वेटोळी घालून पडली, आणि प्लंबर त्या ढिगाकडे बघतच राहिला. नऊ मीटर केबल, अख्खीच्या अख्खी, दोन चपलांच्या जागेत मावली होती. केबल किती गेली हे पडदा खरं सांगत होता. ती कुठे जाऊन पोचली, हे त्याने कधी सांगितलंच नव्हतं. ते यानेच गृहीत धरलं होतं. शाळेत अंतर आणि विस्थापन असा एक धडा होता म्हणे. त्या तासाला हा फळा पुसायचं डस्टर पंख्यावर ठेवण्यात गुंतला होता.

त्याने केबल पुन्हा आत सोडली, पण या वेळी डोळ्यांसाठी नाही, वळणांसाठी. चित्र आत गरागरा फिरतं, डावं उजवं कळत नाही. पण पाइपाच्या तळाशी पाण्याची ओली रेघ असते, ती जिकडे असेल ती खालची बाजू. त्या रेघेवरून तो बोलत गेला आणि मेहुणा फरशीवर खडूने ओढत गेला. तोंडापासून फाटकाकडे चार मीटर सरळ. तिथे डावीकडे वळण, एक मीटर. मग पुन्हा डावीकडे.

"पुन्हा डावीकडे म्हणजे घराकडेच की," मेहुणा म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा पडला. मागच्या गल्लीत नवं गटार आलं तेव्हा गवंड्याकडून पाइप वळवून घेतला होता. पैसे मेहुण्यानेच दिले होते आणि तो साफ विसरला होता.

"शिव्या मागाहून. ओढ."

चार मीटर परत. खडू सरकत सरकत सासूबाईंच्या स्टुलाच्या पायाला येऊन टेकला. नऊ मीटर फिरून चिमटी निघाली होती तिथून मीटरभर बाजूला येऊन बसली होती, आणि सासूबाई तिच्या डोक्यावर बसून तिला लांब समजून हाका मारत होत्या.

"आई, उठा."

फरशी उचकटली. वीतभर खाली पाइप लागला. करवत फिरायला लागली तशी वर मशीन एकदम गप्प झालं. तिघांनीही वर बघितलं. मग भिंतीतल्या नळीत गडगड सुरू झाली. प्लंबरने अर्धवट कापलेला पाइप लाथेने तोडला, खांद्यापर्यंत हात आत घातला, बोटांना ओलं मऊ काहीतरी लागलं आणि त्याने ते ओढलं. मागोमाग साबणाचं पाणी उसळून त्याच्या तोंडावर आलं.

पिल्लू त्याच्या मुठीत होतं. मान लोंबत होती.

सासूबाईंनी ते हिसकावून घेतलं, टॉवेलात गुंडाळून खसाखसा चोळलं, उलटं धरलं, परत चोळलं. मेहुणा दुसरीकडे बघत उभा राहिला. प्लंबर खड्ड्यात, फेसात बसून राहिला. उभ्या जन्मात कुठल्याही गप्प क्षणी त्याने विनोद केला नाही, असं झालं नव्हतं. आता त्याला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता, आणि तोही नको होता, कारण त्यामुळे दुसरं काही ऐकू आलं नसतं.

सासूबाईंनी पिल्लाच्या छातीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"धडधडतंय," त्या म्हणाल्या. मग टॉवेलाचं बोचकं त्याच्यापुढे धरलं. "घ्या, जावईबापू. ऐका तुम्हीपण."