दोघंही नापास

बस्ता फाडायला गेलं की बायकांना काम असतं आणि पुरुषांना नुसतं बसणं असतं. लग्नाच्या कापडखरेदीची तीच रीत आहे. बायका पांढऱ्या गादीवर साड्यांचा ढीग करतात, एक पदर धरतात, दहा सोडतात. पुरुष भिंतीला पाठ लावून चहा पितात आणि बिल आलं की तेवढे जागे होतात. धामणगाव बढ्याचे उकंडराव मात्र पुरुषजातीला बट्टा लावणारे निघाले. बुलढाण्याच्या त्या तीन मजली कापड दुकानात ते पाच मिनिटंसुद्धा टेकले नाहीत. बिलाच्या काउंटरशेजारी उभ्या असलेल्या एका मुलीनं त्यांना हाक मारली, "काका, आमचं कार्ड घेता का?" आणि मग काका काही तिला सोडेनात.

लग्न त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, प्रेरणाचं होतं. मुलगा देऊळगाव राजाचा, राजकुमार. दोन्हीकडची माणसं आज इथं जमली होती. नवरीच्या साड्या मुलाकडच्यांनी घ्यायच्या, नवरदेवाचे कपडे आणि आहेराचं कापड मुलीकडच्यांनी, आणि ज्याचं बिल त्यानं भरायचं. उकंडरावांचा आकडा साठ हजारांच्या पुढं जाणार हे दिसतच होतं.

"आजच्या खरेदीवर दहा टक्के सूट, काका," ती मुलगी म्हणाली. अर्पिता तिचं नाव, गळ्यातल्या ओळखपत्रावर लिहिलेलं. "आणि दुकानाचं हे क्रेडिट कार्ड एकदम फ्री."

"फुकट हाय तं तुहा पगार कोन देते, बाई?"

अर्पिता हसली. तिला वाटलं, काका गंमत करताहेत. काका अजिबात गंमत करत नव्हते.

"पहिलं वर्ष फ्री असते," ती म्हणाली. "मंग वर्षाले पाचशे."

"हं. आन् पैसे भराले उशीर झाला तं?"

"महिन्याले साडेतीन टक्के."

"म्हंजे सालाचे बेचाळीस," उकंडराव म्हणाले. हे त्यांनी इतक्या थंडपणे म्हटलं की शेजारी पँटपीस कापणारा माणूस कात्री थांबवून त्यांच्याकडं बघायला लागला. "आन् थे पॉइंट का काय म्हनतं तू, थे कुठं चालतात?"

"आपल्याच दुकानात. पुढच्या खरेदीवर."

"पुढची खरेदी कायची? मले एकच पोरगी हाय. तिचं लगन एकदाच होईन."

उकंडरावांचा स्वभावच तसा होता. बियाणं घ्यायचं तर चार दुकानं फिरतील, म्हैस घ्यायची तर तिच्या मालकाच्या शेजाऱ्याला विचारून येतील. प्रेरणाला हे स्थळ आलं तेव्हाही ते देऊळगाव राजाला दोन फेऱ्या मारून आले होते, एक सांगून आणि एक न सांगता. त्यांची बायको कोकिळाबाई म्हणायची, यम दारात आला तरी हे आधी विचारतील, रेडा केवढ्याले घेतला.

हिशेब त्यांच्या डोक्यात कधीच झाला होता. सहा हजार आज वाचणार, हे खरं. पण त्यासाठी एक कार्ड सांभाळायचं, पैसे भरायची तारीख ध्यानात ठेवायची, आणि वर्ष संपायच्या आत ते बंद करायचीही आठवण ठेवायची. शिवाय दुकानदार काही खुळा नाही. तो आज सहा हजार सोडतो, म्हणजे पुढं साठ कमवायची त्यानं सोय केलेली असणार. कार्ड खिशात आलं की गरज नसताना पाय इकडं वळणार. एका लग्नापुरत्या माणसाला हे लचांड परवडणारं नव्हतं.

"नाई पाहिजे मले," ते म्हणाले.

तेवढ्यात मागून खांद्यावर हात पडला. व्याही मोतीराम, राजकुमारचे वडील. मोठा आवाज, मोठं हसू, आणि दुकानात शिरल्यापासून सगळ्यांना दोनदा लस्सी पाजून झालेली.

"व्याही, किती कीस पाडता राव! ती पोरगी रडंल आता. तुमची घाटाखालची माणसं लई हिशेबी. द्या इकडं, मी घेतो. दहा टक्के सुटत असतील तर सुनेला आणखी एक पैठणी घेऊ!"

गादीवरून कौतुकाचा आवाज आला. पैठणी म्हटल्यावर तो येणारच. मोतीरामांनी आधार नंबर सांगितला, पॅन नंबर सांगितला, मोबाईल खुशाल अर्पिताच्या हातात दिला. टॅबवर एक गोल फिरत राहिला, मग थांबला.

"सॉरी काका," अर्पिता म्हणाली. पोरगी नवीन होती, आणि दिवसभर गोंगाटात बोलून तिचा आवाज चढला होता. "नामंजूर दाखवून राह्यलं. तुमचा सिबिल लय खाली हाय."

सिबिल म्हणजे कर्जफेडीचे गुण, हे तिथल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं, पण ते खाली आहे हे सगळ्यांना कळलं. मोतीरामांच्या बहिणीच्या हातात पैठणीची घडी तशीच राहिली. मोतीराम अजून हसत होते, पण ते हसू आता कुठं ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. मान लाल झाली होती.

मोतीरामांकडं पैसा आहे की नाही, ही काळजी उकंडरावांना नव्हती. घर, शेत, विहीर, सगळं त्यांनी पाहून ठेवलं होतं. काळजी वेगळीच होती. सुनेच्या माहेरच्यांसमोर ज्याचं हसं होतं, तो माणूस तो दिवस विसरत नाही. प्रेरणाला त्याच माणसाच्या घरात आयुष्य काढायचं होतं, रोज सकाळी त्याच्या हातात चहाचा कप द्यायचा होता. सोयरिकीच्या दुधात मिठाचा खडा पडत होता, आणि त्याला कारण आपलीच बडबड. आपण एका शब्दात नाही म्हणून मोकळे झालो असतो तर मोतीराम या काउंटरकडं फिरकलेही नसते.

आणि मग उकंडरावांनी जन्मात पहिल्यांदा एक गोष्ट कीस न पाडता केली.

"अवो इवाई, या मशीनले काय कळते!" ते मोठ्यानं म्हणाले. "थे कोनालेच हाव म्हनत नसन. पाहा आता, मलेबी नाईच म्हनते का नाई. लिही वं बाई, माहं नाव लिही."

त्यांना खात्री होती. त्यांचा बँकेतला पुतण्या एकदा म्हणाला होता की ज्यानं कधी कर्जच काढलं नाही त्याला ही मशीनं ओळखत नाहीत. उकंडरावांनी कधी कर्ज काढलं नव्हतं. म्हणजे नकार ठरलेला. दोघं व्याही सारखे झाले की विषय मिटला.

नंबर सांगून झाले. त्यांचा मोबाईल नेहमीप्रमाणे प्रेरणाच्या हातात होता. बापाचे इंग्रजी मेसेज तीच वाचायची. टॅबवरचा गोल फिरायला लागला, आणि कोकिळाबाईनं मागून त्यांच्या दंडाला चिमटा काढला.

"आन् तुमचं हाव म्हनलं तं?" ती कानाशी कुजबुजली.

हे उकंडरावांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पुतण्या बँकेत होता खरा, पण त्याला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. मंजूर झालं तर? तर मोतीराम नापास आणि उकंडराव पास, तेही अख्ख्या गोतावळ्यासमोर, मुद्दाम हात वर करून. लोक म्हणतील, व्याह्याला खाली पाहायला लावायलाच केलं. आगीतून निघून फुफाट्यात! थांबव म्हणावं, तर तेही आता दिसलं असतं. मोतीराम फरशीकडं बघत उभे होते. प्रेरणाच्या बारावीच्या निकालालाही उकंडरावांनी देवाला इतक्या कळवळ्यानं हाक मारली नव्हती, आणि आज हाक होती ती मला नापास कर म्हणून.

मोबाईल वाजला. अर्पितानं टॅबवरून मान वर केली आणि बोलायला तोंड उघडलं.

"राहू द्या ताई, मेसेज आला," प्रेरणा म्हणाली. तिनं तो वाचला. पुन्हा एकदा वाचला. मग मान हलवली. "बाबा, तुमचंबी नाई झालं."

अर्पिता क्षणभर तिच्याकडं पाहत राहिली. मग टॅब छातीशी धरून म्हणाली, "हो काका. आज सिस्टीमचंच काही खरं नाही."

मोतीरामांचं हसू आलं, ते मघाचं नव्हे, खरं, पोटातलं. "व्याही! दोघंबी नापास!" त्यांनी उकंडरावांना मिठीच मारली. "जोडी जमली म्हणा की! स्थळ बघायला एवढ्या फेऱ्या कशाला मारल्या, आधी मशीनला विचारायचं!" बायका हसल्या, आणि पैठणीची घडी पुन्हा उलगडली गेली.

उकंडरावांचा जीव भांड्यात पडला. तेही हसले. पण माणसाचं मन मोठं विचित्र. नकार मागून घेतला, तो मिळालाही, आणि मिळाल्यावर झोंबला. ज्यानं कुणाचा एक रुपया ठेवला नाही त्याला एका टॅबनं नाही म्हणावं! सूट न घेता अख्खं बिल भरताना त्यांनी अर्पिताकडं पाहिलंसुद्धा नाही.

दुपारी हॉटेलात जेवताना मोतीराम त्यांच्या शेजारी सरकले. "तुम्हाला म्हणून सांगतो," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांना हळू आवाजही आहे, हे उकंडरावांना तेव्हा कळलं. "मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलो होतो. त्यानं हप्ते बुडवले. बायकोच्या भावाची गोष्ट, तिला तरी कसं सांगू? फेडत आणलंय मी सगळं. दिवाळीपर्यंत मोकळा होतो. तुमचं काय झालं?"

"माहं काईच नाई," उकंडराव म्हणाले.

हे इतकं खरं होतं की मोतीरामांना ते खोटं वाटलं. "असू द्या, असू द्या," त्यांनी व्याह्यांच्या पाठीवर थाप मारली. "नका सांगू."

त्यानंतर मोतीरामांचा दिवसाआड फोन यायला लागला. कधी बँडवाल्याबद्दल, कधी पाऊसपाण्याबद्दल, कधी उगाच. लग्न थाटात झालं. पाठवणीच्या वेळी कोकिळाबाई रडली, आत्या-मावश्या रडल्या, गल्लीतल्या बाया रडल्या. उकंडराव मात्र मांडवाच्या मागं खुर्चीवाल्याशी तुटलेल्या दोन खुर्च्यांवरून भांडत होते. लोक म्हणाले, हा माणूस दगड आहे.

प्रेरणा सासरी जाऊन आठवडा झाला असेल. पोस्टमननं एक जाड पाकीट आणून दिलं. उकंडराव ओट्यावर बसले होते. आत कडक कागदाला चिकटवलेलं निळं कार्ड होतं, वर बुलढाण्याच्या त्या दुकानाचं नाव आणि खाली ठसठशीत अक्षरांत त्यांचं स्वतःचं. सोबतचं पत्र मराठीत होतं. अभिनंदन, तुमचं कार्ड मंजूर झालं आहे. मंजुरीची तारीख बस्त्याच्या दिवसाची होती.

त्यांनी पत्र कोकिळाबाईकडं दिलं. तिनं वाचलं आणि ते ओट्यावर आपटलं.

"पोट्टीनं तुमच्या तोंडावर खोटं सांगतलं! चारचौघांत बापाले नापास केलं!"

"हाव."

"सासऱ्यासाठी!"

"हाव," उकंडराव पुन्हा म्हणाले.

मेसेज तिनं दोनदा वाचला होता. दुसऱ्यांदा वाचताना तिनं ठरवलं असणार. एकीकडं बाप, एकीकडं सासरा, आणि दोघांतल्या एकाला मान खाली घालायला लावायची होती. बापाला लावली. बाप सोसेल, हे तिला माहीत होतं. कुणाला विचारलं नाही, की आईकडं पाहिलं नाही. सगळं गाव म्हणत होतं, पोरगी पाठवणीला गेली. ती त्या काउंटरपाशीच गेली होती, आणि जाताना दोन्ही घरं राखून गेली होती. उकंडरावांना तिचा फार अभिमान वाटला, आणि त्याच घटकेला मागचं घर एकदम रिकामं वाटलं. मांडवात न आलेलं रडू त्यांना ओट्यावर आलं. कोकिळाबाईनं आत जाऊन पाणी आणलं, पण लगेच पुढं केलं नाही. रडू दिलं.

डोळे पुसल्यावर त्यांनी पत्रावरचा नंबर लावला. माणूस शेवटी हिशेबी. पुढल्या वर्षीचे पाचशे कोण भरणार? पलीकडं एक गोड आवाजाची बाई होती.

"कार्ड का बंद करायचंय, सर? काही तक्रार आहे का?"

"नाई. कार्ड चांगलं हाय."

"पण तुम्ही ते एकदाही वापरलेलं नाही, सर."

"वापरलं ना," उकंडराव म्हणाले. "एकदा वापरलं. माह्या पोरीनं."

पलीकडं बटणं दाबल्याचा आवाज आला. "इथं तर काहीच दिसत नाही, सर."

"तिथं नाई दिसनार, बाई. पन लय कामी आलं. करा आता बंद."