तिसऱ्या हाकेपर्यंत

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पुकारणाऱ्या असानकुलने लाउडस्पीकरवरून शोदमोनचं नाव पहिल्यांदा घेतलं.

"नदीपलीकडचा शोदमोन! कुर्मान उस्तादांचा चेला! जोड उभी आहे, पट्टा बांधून ये!"

जोड म्हणजे तोलोगोन. शेहेचाळीस वर्षांचा, अनवाणी, कमरेला पट्टा आवळून तो मैदानाच्या मधोमध उभा होता. उस्तादांना जाऊन वर्ष झालं होतं. वर्षाच्या जेवणासाठी पहाटे दोन घोडे कापले होते आणि मोठ्या कढया अजून उकळत होत्या. या जेवणात कुस्त्या होतातच. शेवटची या दोघांची लावायची, हे उस्ताद मरण्याआधी सांगून गेले होते.

नदीच्या अलीकडची किरगिझ आणि पलीकडची ताजिक पोरं त्यांनी याच गवतावर घडवली. त्यातले हे दोघे पुढे आपापल्या देशाकडून लढले. अकरा वर्षांत चौदा वेळा समोरासमोर आले. शोदमोनने आठ मारल्या, तोलोगोनने सहा. प्रत्येक कुस्तीनंतर दोघे एकाच ताटात हात घालून पुलाव खात. दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना ते खपत नसे.

चार वर्षांपूर्वी पाण्याच्या वादावरून गोळीबार झाला आणि पूल बंद पडला. या वसंतात तो उघडला. उस्तादांच्या बायकोने, बात्मा आपाने, पलीकडे निरोप धाडला. आज दोन गाड्यांतून सतरा माणसं आली. ती उतरत असताना तोलोगोनने एकेक चेहरा पाहून घेतला होता. शोदमोन त्यांत नव्हता. तोलोगोनने कुणाला काही विचारलं नाही.

रीत अशी की हाका तीन, आणि दोन हाकांमध्ये एक वाटी चहाचा वेळ. तिसरीलाही माणूस आला नाही, तर उभ्या असलेल्याचा हात वर करतात. पण मेलेल्याला कुस्तीला बोलावत नाहीत. चुकून नाव निघालंच, तर त्याच्या माणसांनी तिथल्या तिथे उठून हाक थांबवायची आणि सगळ्यांनी दुआ मागायची.

म्हणून तोलोगोन वाटेकडे बघत नव्हता. तो त्या सतरा जणांकडे बघत होता.

कुणी उठलं नाही. एक जाडा माणूस रोटी मोडत होता.

"तोलोगोन आके, घाबरला बघा तुमचा ताजिक!" मागून कुणी ओरडलं. आके म्हणजे थोरला भाऊ; अलीकडे सगळे त्याला असंच म्हणत.

"याला बघून? आधी पोट आत घे म्हणावं, मग घाबरेल," दुसरा म्हणाला.

"आमचा शोदमोन लढायला येत असतो," रोटी मोडणारा बसूनच म्हणाला. "तुमच्यासारखा जेवायला नाही."

मैदान हसलं. तोलोगोनने पट्ट्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

दुसरी हाक अकरा पंचवीसला झाली. तेव्हाही कुणी उठलं नाही.

चार वर्षांपूर्वी, गोळीबाराच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी पावणेसातला, तोलोगोन वडिलांची शिकारीची बंदूक घेऊन कालव्याच्या दारापाशी दगडांमागे पडून होता. पलीकडून खांद्यावर पोतं घेतलेला एक माणूस आला. दोनशे पावलांचं अंतर. चेहरा दिसला नाही. तोलोगोनने एकच गोळी झाडली. माणूस पाठीवर पडला आणि पडता पडता त्याचा तळवा जमिनीवर आपटला. एकदा, मग पुन्हा एकदा.

पडताना हात आपटायला उस्तादांनीच शिकवलं होतं. बाकी सगळे एकदा आपटत. शोदमोन लहानपणापासून दोनदा. "पाठ एकदाच लागते ना रे गाढवा," उस्ताद खेकसत, "मग हात दोनदा कशाला?"

त्या दिवसापासून शोदमोनचा फोन बंद होता. तोलोगोनने त्या गोळीबद्दल कुणाला सांगितलं नाही. उस्तादांनी एकदा विचारलं होतं, "पलीकडचं काही कळलं का रे?" तो "नाही" म्हणाला होता. तालमीत पोरं पडण्याचा सराव करू लागली की तो बाहेर जाऊन उभा राही.

असानकुलने चहाची वाटी खाली ठेवली. "घालू का तिसरी?"

"थांबा," तोलोगोन म्हणाला. तो चालत त्या सतरा जणांपाशी गेला. "त्याला पुकारायचं ना?" त्याने विचारलं.

जाड्या माणसाने हात पुसले. तो शोदमोनचा मेहुणा, नजरुल्लो. "न पुकारायला काय झालं? त्यानेच सांगितलंय, तिन्ही हाका होऊ द्या. तोलोगोन शेवटपर्यंत उभा राहतो का, तेवढं बघून या."

"म्हणजे बरा आहे?"

"जेवतो, भांडतो, पोरींवर ओरडतो. डावा खांदा मात्र गेला कामातून."

"कसा?"

"आम्हीही विचारून थकलो. 'पडलो' म्हणतो. पुढे एक शब्द नाही."

"आणि आता कुठे?"

"पुलाच्या त्या टोकाला, बाकावर. भोंगा ऐकू येतो तिथे. यायचं की नाही ते हाका ऐकून ठरवतो म्हणाला."

तोलोगोन मैदानात परतला. अकरा बेचाळीसला तिसरी हाक गेली. असानकुलने जरुरीपेक्षा जास्त वाट पाहिली. वाटेवर कुणी दिसलं नाही. मग त्याने रीतीप्रमाणे तोलोगोनचं मनगट धरलं. तोलोगोनने ते सोडवून घेतलं आणि गर्दीतून वाट काढत तो पुलाच्या रस्त्याला लागला.

"आके, बूट तरी घाला!"

तो वळला नाही.

सव्वाबाराला तो पुलाच्या फाटकाशी पोचला. पासपोर्ट मैदानातल्या कोटात राहिला होता. पहारेकरी त्याचाच जुना शागीर्द. त्याने जा म्हटलं नाही, परत फिरा असंही म्हटलं नाही.

फाटक पाचला बंद होतं. चार वाजेपर्यंत फाटकावरच्या नोंदवहीत दोघांपैकी कुणाचंही नाव चढलेलं नव्हतं. बात्मा आपाने फोन केला तेव्हा पहारेकऱ्याने सांगितलं, "पलीकडचे शोदमोन बाकावरून उठलेत, आपा. कठड्याला हात लावून उभे आहेत. आपले आके इथेच आहेत. पूल अजून कुणी ओलांडलेला नाही."