चुलत्याच्या ओंजळीतले पाणी

दिवाळीनंतर अकोल्याहून मला एक पत्र आले होते. त्याला मी उत्तर दिले नाही.

पत्र मोठे नव्हते. नशेपायी गुन्ह्यात सापडलेल्या मुलांच्या सुधारणेसाठी जिल्ह्यात एक समिती नेमली होती. तिच्या चिटणिसांनी लिहिले होते, की आपल्या देखरेखीखाली जामिनावर सोडलेला लखीराम, राहणार मालेगावजवळचा तांडा, वय सतरा, याने पुन्हा अफू घेतल्याची खबर समितीस मिळाली आहे. खबर खरी आहे काय? उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढेच द्यावे. खुलाशाची आवश्यकता नाही.

'होय' लिहिले तर लखीराम एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारशाळेत जाणार होता. ती शाळा मी एकदा पाहिली होती. तिथून सुटून आलेली मुले बोलताना समोरच्याच्या हाताकडे पाहतात, तो कधी उठेल याचा अंदाज घेत. 'नाही' लिहिले तर ते खोटे होते; एकदा घेतली, एवढे लखीरामने मला स्वतः सांगितले होते. मी पत्र टेबलावर पालथे घातले आणि त्यावर एक जाड पुस्तक ठेवले.

माझ्याविषयी थोडे सांगायला हवे. मी मूळचा रिठदचा, शेतकऱ्याच्या घरातला. नागपूरच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवले. वर्गात माझी नजर टिपणांवरून कधी वर गेली नाही, आणि मागच्या बाकांवर काय चालते हे मला शेवटपर्यंत कळले नाही. निवृत्त होऊन मालेगावला आलो तेव्हा वाटले, आयुष्यात एक तरी खरे काम करावे. नशेसाठी चोरी केलेली मुले कोर्टापुढे येतात. त्यांतली काही पुन्हा माणसांत येतात, काही येत नाहीत. का? पुस्तकांत याचे उत्तर सापडले नाही. वाशीमच्या कोर्टात एक तरुण मॅजिस्ट्रेट होते. त्यांनी माझा अर्ज हसून का होईना, पण मंजूर केला आणि अशी काही मुले माझ्या हवाली केली. ती माझ्या अंगणातल्या निंबाखाली येऊन बसत. मला बोलता येत नसल्यामुळे तीच बोलत. बहुधा त्याचाच उपयोग होत असावा. ती जे सांगत ते मी लिहून ठेवी, आणि तो अभ्यास मी समितीकडे पाठवला होता.

लखीराम त्यांतला. जिनात, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, कापसाचे डोकडे, म्हणजे मोठे गठ्ठे, उचलताना पाठ मोडायची, म्हणून मोठ्या मजुरांनी त्याला अफूची गोळी दिली. पुढे पाठ दुखेना, पण गोळीवाचून चालेना. शेवटी त्याने चुलती सोनीबाईच्या केसांतली चांदीची घुगरी झोपेत सोडवून विकली. बंजाऱ्यांत ती बाईच्या सौभाग्याची खूण. चुलता सेवादास त्याला मारायला धावला नाही. तो सरळ ठाण्यावर गेला.

अफू सोडताना लखीरामचे जे हाल झाले ते मी पाहिले. जांभया, उलट्या, पायांत गोळे. त्याची आई भुरीबाई त्याचे पाय मांडीवर घेऊन बसे. पावसाळा सरता सरता तो उठला आणि पुन्हा जिनात जाऊ लागला. त्याच जिनात, त्याच माणसांत. मी त्याला दुसरे काम पाहा म्हणालो तेव्हा म्हणाला, "मास्तर, दुसरं काम कोन देते मले? चोर हावो ना मी."

आणि एकदा म्हणाला, "काका माह्याकडे पाहात नाई. मी समोरून आलो का थुकते बी नाई. थुकला असता त बरं झालं असतं."

मी वाचलेले होते, की ज्याचा अपराध केला त्याला तोंड दिल्याखेरीज मनातली लाज जात नाही, आणि तीच लाज माणसाला पुन्हा नशेकडे ओढते. मला ते पटलेही होते. मी म्हणालो, "लखीराम, जा, काकाशी मिटवून घे. रीतसर मिटव."

रीतसर म्हणजे कसे, हे मी विचारले नाही.

*

पत्र येऊन बरेच दिवस झाले होते. एका सकाळी भुरीबाई अंगणात येऊन उभी राहिली. बस म्हटले तर बसली नाही. माझी वडील भावजय तुळसाबाई वहिनी माझे घर पाहते. तिने पाणी आणले, ते घेतले नाही.

"मास्तर, माह्या पोट्ट्याले शिपाई घेऊन गेले. समितीचा निकाल लागेपर्यंत वाशीमले कोठडीत ठेवनार म्हनते. भाकर घेऊन गेली त आत सोडलं नाई मले. भाकर बी नाई घेतली."

"कधी?"

"कधी इचारून राह्यले! तुमाले कागद आला होता म्हनते. तुमी काय लिवलं त्यात?"

"काहीच लिहिले नाही."

"काहून?"

तिने हातातली भाकरीची फडकी ओट्यावर आपटली.

"तुमीच धाडलं ना त्याले? जा, काकाशी गोड कर म्हनून? आमी नव्हतं म्हनलं. मी म्हनलं, राहू दे बापा, बोलत नाई त नाई बोलत. त्यानं ऐकलं नाई. मास्तरनं सांगतलं, मास्तरनं सांगतलं, येकच धोशा!"

मग तिने घडले ते सांगितले. सेवादासने भांडण मिटवायला होकार दिला. तांड्याच्या मुखियाने, म्हणजे नाईकांनी, पंचायत बसवली. तांड्यावर भांडण मिटते ते अमलाच्या पाण्यावर. अमल म्हणजे अफू. ती पाण्यात घोळायची आणि एकाने दुसऱ्याच्या ओंजळीतून प्यायची. पाणी प्यायले की भांडण संपले, पुन्हा तो विषय कोणी काढायचा नाही. पाणी नाकारले तर त्याचा अर्थ एकच: भांडण ठेवायचे आहे.

"पोट्ट्यानं हात मागं बांधून घेतले," भुरीबाई म्हणाली. "म्हने, काका, दुसरं काही बी द्या, हे नाई. सेवादास ओंजळ धरून उभा होता. पानी गळून राह्यलं होतं बोटाईतून. सोनी रडाले लागली, म्हने घुगरी चोरली तवा हात पुढं होते याचे. मग हा प्याला. चुलत्याच्या ओंजळीतून, समद्याईसमोर. सेवादासनं त्याले छातीशी धरलं. मी त तवाच समजली, आता हा गेला."

"मग?"

"मग काय? घरी आला अन् मले म्हने, माय, आज मले सोडून कोठी जाऊ नको. बसली मी. अंग कापून राह्यलं होतं त्याचं. सकायी उठला, तोंड धुतलं, जिनात गेला. त्या दिसापासून हात नाई लावला त्यानं. कोठडीत टाकाचं होतं त तवा टाकाचं, चोरत होता तवा! आता काहून?"

ती गेली. फडकी ओट्यावरच राहिली. वहिनीने ती उचलली आणि माझ्याकडे न पाहता आत नेली.

मला राग आला होता. पण माझा राग नेहमी आधी माझ्याकडेच वळतो, आणि तिथे त्याला इतके काही सापडते की पुढे कोणाकडे जायला तो उरत नाही. त्या दिवशी मात्र मी चप्पल घातली आणि तांड्यावर गेलो.

नाईक गोविंदसिंग बैलाच्या शिंगांना तेल लावत होते. माझ्याहून थोडे थोरले, पागोटे बांधलेले. मी भीत भीतच म्हणालो, की जो मुलगा अफू सोडतो आहे, त्यालाच अफू पाजली, हे काही बरे झाले नाही.

त्यांनी तेलाचे बोट शिंगावरून काढले नाही.

"मास्तर, तुमच्या कोर्टात गंगाजळावर हात ठेवते ना? आमच्यात अमलावर. बापजाद्याईपासून हाये. तुमी त्याले धाडलं, म्या समजलो तुमाले ठाऊक असन."

"मला ठाऊक नव्हते."

"मंग इचाराचं होतं! तांडा का दूर हाये? सोयरीक होते तवा आमी गुळाचं पानी बी देतो. तुमी येऊन येक बोल बोलले असते, नाईक, या पोराचं गुळावर करा, त गुळावर केलं असतं. सेवादासले का अफू पाजाची हौस होती? त्याले पुतन्या पाह्यजे होता." मग त्यांनी तेलाचे बोट पुसले. "पन येक सांगा. ते अमल आमी काही वावरात पिकवलं नाई. दौलतरावच्या दुकानातून आनलं. रोख पैसे देऊन, सरकारी मोहर असलेलं. इकनारा बाहेर, पिनारा कोठडीत. हे कोनत्या पुस्तकात हाये तुमच्या?"

मी वाटभर तेच वाक्य घेऊन आलो. दौलतराव म्हणजे मालेगावचे मोठे जमीनदार. अफूचा ठेका त्यांचा. आणि अकोल्याच्या त्या समितीवर मालेगावतर्फे जे एक प्रतिष्ठित सदस्य नेमलेले होते, तेही दौलतरावच.

*

दोनच दिवसांनी दौलतराव स्वतः आले. जरीचा रुमाल, हातात चांदीच्या मुठीची काठी. खुर्चीत बसताच म्हणाले, "वहिनी, चहा टाका. मास्तरच्या घरी पुस्तकं लय, खायाले काही नाई!"

वहिनीने चहा आणला. त्यांनी बशीत ओतला.

"मास्तर, तुमी बी कमाल करता. येक शब्द लिवाचा, त्याले इतके दिवस? आमी त दस्तावेजावर सही करतो तवा वाचत बी नाई." ते मोठ्याने हसले. "चिटनीस मले म्हनत होते, तुमचा तो अभ्यास अहवालात छापनार हाये. नावासकट. मोठं काम केलं तुमी. येका पोट्ट्यापायी काहून अडवता?"

"त्याने एकदाच घेतली," मी म्हणालो. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

"येकदा का अन् धा वेळा का? रकाना येकच हाये, 'पुन्हा बिघडला'. छापलेला हाये."

"ती अफू तुमच्या दुकानातली होती."

"मंग? कोनाच्या दुकानातली असनार? ठेका माह्याकडे हाये. लिलावात घेतला म्या, चोरून नाई इकत."

"आणि समितीला खबर कोणी दिली?"

ते बशीवर फुंकर घालत होते. थांबले, आणि पुन्हा हसले. त्या हसण्यात काही लपवलेले नव्हते, हेच मला सहन झाले नाही. त्यांना खरोखरच त्यात काही वावगे दिसत नव्हते.

"म्याच दिली. मेंबर आहो ना. कर्तव्य हाये." बशी तोंडाला लावून ते म्हणाले, "तसं तुमी नाई लिवलं तरी चालते. सोमवारी बैठक हाये. उत्तर नाई आलं त समिती होयच समजन."

इतके दिवस मी समजत होतो, की न लिहून मी त्या मुलाला निदान धक्का तरी लावत नाही. आता कळले, माझ्या गप्प बसण्याचाच त्यांनी 'होय' करून ठेवला होता. मी न लिहिलेले त्यांच्या रकान्यात केव्हाच जाऊन बसले होते.

मी उठलो आणि त्यांच्या हातातली बशी काढून घेतली. चहा माझ्या धोतरावर सांडला, थोडा त्यांच्या मांडीवर.

"उठा," मी म्हणालो.

"काय?"

"उठा म्हणतो. दुकानात तुम्ही विकायची, समितीत तुम्ही मोजायची, आणि कोठडीत ते पोर! माझ्या घरात चहा पिऊ नका. उठा!"

माझा आवाज रस्त्यावर गेला असावा, कारण समोरचा शिंपी बाहेर येऊन उभा राहिला. दौलतराव काठी टेकत उठले. "मास्तर, पाहून घेईन मी," असे काहीसे म्हणाले. नीट आठवत नाही. बशी अजून माझ्याच हातात होती.

दारात उभ्या वहिनीने ती माझ्या हातून घेतली. "भावजी," ती म्हणाली, "तुमच्या तोंडात जीभ हाये म्हनाची. मले वाटलं, नागपूरलेच इसरून आले."

*

मग मी पुस्तक बाजूला सारून पत्र सरळ केले आणि उत्तर लिहायला बसलो. खोडले, पुन्हा लिहिले. शेवटी असे झाले:

'महाशय, आपण एक शब्द मागितला होता. तो देता येत नाही म्हणून मी गप्प राहिलो. माझे गप्प राहणे आपण होकार धरणार असे आपल्याच सदस्यांकडून समजले, म्हणून लिहितो.

लखीरामने अफू घेतली. पंचायतीत, सर्वांसमक्ष, चुलत्याच्या ओंजळीतून. मी त्याला चुलत्याशी मिटवून घ्यायला पाठवले होते, आणि त्या तांड्यावर भांडण कसे मिटते याची चौकशी मी केली नव्हती. ही चूक त्याची नाही. ती अफू आपले सदस्य दौलतराव यांच्या ठेक्यातून, सरकारी मोहरेसह विकत आणली होती. तीच विकून त्यांनीच खबर दिली. अशा माणसाने या मुलाचा निवाडा करू नये.

अफू पोटात गेल्यावर तो दुकानाकडे गेला नाही, आईजवळ बसून राहिला. आणि सकाळी कामावर गेला. मी पाहिलेल्या मुलांत याहून सुधारलेला मुलगा नाही. याला आपल्या छापील रकान्यात 'पुन्हा बिघडला' म्हणत असतील, तर रकाना चुकीचा आहे, आणि माझा अभ्यास आपण छापू नये. तो परत पाठवावा.

सोमवारी गोविंदसिंग नाईक आणि सेवादास यांना घेऊन मी स्वतः बैठकीस येत आहे. मला बोलू द्यावे, ही विनंती.'

सेवादासला विचारायला मी पुन्हा तांड्यावर गेलो, तेव्हा तो भुरीबाईच्याच दाराशी बसला होता. त्याने माझे सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाला, "पुतन्या माह्या हाये. ओंजळ बी माही होती. येतो."

पोस्टात गेलो तेव्हा बाहेर अकोल्याला टपाल नेणारी मोटार उभी होती. पोस्टमास्तर खिडकीतून म्हणाले, "टाकत असान त बिगीनं टाका मास्तर, थैली बांधून राह्यलो."

मी पाकीट पेटीशी नेले आणि थांबलो. शेवटची ओळ मनात खुपत होती. खिडकीशी परत आलो, पाकीट फाडले, पोस्टमास्तरांचा टाक मागितला. 'मला बोलू द्यावे, ही विनंती' खोडले आणि त्यावर लिहिले, 'मी बोलणार आहे.' अक्षर वाकडे आले. नवे पाकीट घेतले, पत्ता घातला.

"आता?" पोस्टमास्तर म्हणाले. "का अजून काही खोडाचं हाये?"

"नाही," मी म्हणालो, आणि पत्र त्यांच्या हातात दिले. त्यांनी त्यावर शिक्का मारला आणि ते थैलीत टाकले.