अकरा टोप्या

पिशवीतून पाकीट काढून तिने टेबलावर ठेवलं आणि लगेच हात मागे घेतला.

“अकरा आहेत,” ती म्हणाली. “मोजून घे.”

जुने चित्रपट दुरुस्त करणारी ती मुलगी तिच्या लेकीहून लहानच असेल. तिने पाकिटातली एक पारदर्शक शीट उजेडात धरली. मधोमध बोराएवढी लाल टोपी, बाकी काही नाही.

“मावशी, या आकाशपाळण्याच्या प्रसंगातल्या?”

तिने मान हलवली. अस्वल जत्रेला जातं, ते सात मिनिटांचं कार्टून. अस्वल एका शीटवर, टोपी दुसऱ्या शीटवर, दोन्ही एकावर एक ठेवून कॅमेऱ्याने टिपायचं. टोप्या रंगवायचं काम तिचं. त्या दिवशी घरून निरोप आला, लेकीला ताप चढलाय. ती हातातलं टाकून पळाली आणि अकरा टोप्या टीपकागदाखालीच राहिल्या. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर चित्रीकरण उरकलेलं. कुणी अवाक्षर काढलं नाही. तिनेही मिठाची गुळणी धरली, टोप्या पिशवीत घातल्या, आणि कार्टून बनवणाऱ्या मास्तरांनी जाब विचारण्याआधी महिन्याभरात काम सोडून दिलं. घरी सांगितलं, डोळे दुखतात. डोळे तेव्हा ठणठणीत होते.

चाळीस वर्षांत तिने ते कार्टून एकदाही पाहिलं नव्हतं. आता ते नवं करून पुन्हा दाखवणार असं कानावर आलं, तेव्हा मात्र तिला राहवेना. निदान या खेपेला तरी अस्वलाच्या डोक्यावर टोपी असावी.

“चूक माझी होती,” ती म्हणाली. “तेवढ्या घाल आता.”

मुलीने कपाटातून एक पिवळा पडलेला कागद आणला आणि पुढे सरकवला. कुठल्या चित्रावर कुठलं चित्र ठेवायचं, याचा तो तक्ता. समासात कॅमेरावाल्याचं अक्षर होतं: ‘टोप्या सापडत नाहीत. थांबू का?’ त्याखाली मास्तरांचं, तिरकं, घाईचं: ‘नको. असंच जास्त हसू येतंय. तिला विचारू नका. घरी मूल आजारी आहे, उगाच जिवाला लावून घेईल.’

तिने ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पदराने पुसला. छातीवरचा धोंडा उतरला खरा, पण मास्तरांचा थोडा रागही आला.

“विचारलं असतं तर काम सुटलं नसतं माझं,” ती म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आलं.

मुलीने पडद्यावर तो प्रसंग लावला. पाळणा वरून सुसाट खाली आला. टोपी उडू नये म्हणून अस्वलाने दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलं होतं, आणि डोक्यावर टोपीच नव्हती.

“अगं बाई,” ती म्हणाली, “हा कशाला जपतोय?” आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, “पुन्हा लाव.”

चौथ्यांदा पाहून झाल्यावर मुलीने विचारलं, “मग, घालायच्या टोप्या?”

“छे. मास्तरांचं अस्वल आहे, राहू दे तसंच.”

पाकीट तिथेच ठेवून ती दारापर्यंत गेली. मग परत आली.

“एक देतेस? लेकीला दाखवते. तापाची गोष्ट तिला कधी सांगितलीच नाही मी.”