चाकाकडून हात जाते

मुखरूला उचलून व्हॅनमध्ये बसवलं, दिव्यानीनं चावी फिरवली आणि सीटखाली असं धाडकन वाजलं की अंगणातल्या कोंबड्या पार कुडाबाहेर पळाल्या. इंजिन बंद पडलं. तिनं खाली वाकून पाहिलं. इंजिन उजव्या अंगाला कलंडलं होतं. ज्या लोखंडी पट्टीवर ते बसायचं तिचा एक बोल्ट मधूनच तुटला होता, आणि दुसरा गंजून पट्टीशी एकजीव झाला होता; तो काढल्याशिवाय पट्टी जागेवर बसणार नव्हती.

ही व्हॅन कंपनीतून अशी आली नव्हती. तलावाची मासळी मूल गावच्या बाजारात न्यायला मुखरूनं ती जुनी घेतली, मागच्या सीटा काढून तिथं बर्फाची पेटी ठेवली आणि चढावर दम टाकते म्हणून मोठ्या गाडीचं इंजिन आणून, स्वतःच्या हातानं पट्ट्या जोडून बसवलं. वर्षानुवर्षं मीठ घातलेल्या बर्फाचं पाणी त्या पट्ट्यांवर झिरपत राहिलं. मग त्याच्या किडन्या गेल्या. पेटी निघाली, तिथं गादी आली. एकुलती एक पोरगी दिव्यानी आठवड्यातून दोनदा त्याला चंद्रपूरला डायलिसिसला नेऊ लागली. गाडी चालवायला तिला त्यानंच शिकवलं होतं.

मागच्या खेपेला, "आंग गरम हाये, आज नाई," म्हणून तो उठलाच नव्हता. आता त्याचे पाय सुजून तुकतुकीत झाले होते. आडवं निजवलं की जीव गुदमरायचा, म्हणून कमळा आणि दिव्यानी, दोघी माय-लेकींनी रात्रभर त्याची पाठ धरली होती.

अँब्युलन्सला फोन लावला. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गडचिरोलीकडे गेली होती. दुपार होईल म्हणाले. गावातली पिकअप मासळी घेऊन कधीच निघून गेली होती. मोटरसायकलवर मधोमध धरून न्यावं, तर त्याला मान सावरत नव्हती.

"काढतो मी बोल्ट," दिव्यानी म्हणाली. "आजच काढतो."

मुखरूला उतरवून छपरीत भिंतीला टेकवलं. शेजारच्या श्रावणनं जॅक आणला, इंजिनखाली फळी घालून ते तोलून धरलं, आणि आपल्या धान मळायच्या मशीनचे दोन बोल्ट काढून आणले. मापात बसतील असे होते. पण जुने निघाले तर ना!

दिव्यानी पाठीवर सरपटत व्हॅनखाली शिरली. नटावर डिझेल ओतलं. पाना लावला, पान्याला पाइप घातला, जोर दिला. पाना सटकला आणि तिची बोटं पट्टीवर आपटली. पुन्हा लावला. नटाच्या कडा झिजून तो गोल झाला. आता पाना धरेना. मग तिनं लोखंड कापायच्या एक्सा ब्लेडला चिंधी गुंडाळली आणि नट कापायला घेतला. पण तिथं जागाच इतकी अडचणीची की ब्लेड बोटभरच मागं-पुढं होई. गंजाचा भुगा डोळ्यांत पडत होता. थोड्या वेळानं ब्लेड मोडलं.

"बाबा," ती खालूनच ओरडली, "तुमीच बसवलं ना हे? कुठून घुसू सांगा!"



ती बाहेर आली. हात काळे, त्यात रक्त. तिनं बापाकडे पाहिलं. तो तिच्याकडे न पाहता अंगणातल्या चुलीकडे पाहत होता.

"कुठून हात जाते, बाबा?"

"राहू दे," तो म्हणाला. शब्दाशब्दाला दम लागत होता. "मले... आवाज येत होता. लय दिवसापासून. बोल्ट हलून राह्यला म्हणून."

"मंग बोलले काऊन नाई?"

"कायले बोलू? गाडी बंद पडली असती... तं तू सुटली असती. रोजी बुडवतं, झोप नाई तुले. किती दिवस?"

कमळाच्या हातातला विंझणा थांबला. दिव्यानीला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि तिच्या अंगाचा भडका उडाला.

"आंग गरम हाये म्हणे! तेबी खोटंच, नाई का?"

त्यानं मान खाली घातली.

"मी सुटली असती? मले इचारलं तुमी? या मायले इचारलं? उद्या गावात सांगू काय मी, की गाडी नाई निघाली म्हणून बाप गेला?" तिचा आवाज फाटला. "इथी माह्या हाताचं कातडं सोललं, आन तुमी बसून पाहून राह्यले!"

श्रावण चुपचाप बाजूला झाला. ती मोडकं ब्लेड घेऊन पुन्हा खाली शिरली. काय करणार आहे हे तिलाही माहीत नव्हतं. उरलेल्या तुकड्यानं ती नुसतीच घासत राहिली, रडत राहिली.

आणि वर छपरीत मुखरूला एकाएकी श्वास येईनासा झाला. कमळा किंचाळली. दिव्यानी धावत आली तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते, छातीत पाणी खळखळत होतं. त्यानं तिचा तेलकट हात गच्च पकडला. मरणाशी आपण आतून सगळं ठरवून टाकलंय असं त्याला वाटत होतं. पण मरण खरोखर अंगणात आलं आणि त्याचे डोळे भीतीनं मोठे झाले.

"दिव्या... मले भेव लागून राह्यलं."

"बोला, बाबा. बोला!"

"चाक... चाक काढ. चाकाकडून हात जाते. मी तिथी... जागा ठेवली होती."

श्रावणनं गाडीची ती बाजू उचलून विटांवर टेकवली, नट सोडवले आणि चाक ओढून काढलं. आत खरंच हात जाईल एवढी फट होती. नट समोरच दिसत होता, आणि ब्लेड पूर्ण लांबीनं चालेल एवढी जागा होती. श्रावणनं घरून नवं ब्लेड आणलं. कमळानं मुखरूला ताठ बसवून धरलं, तशी त्याची धाप जराशी आटोक्यात आली; दिव्यानी कापत गेली. नट दुभंगला. तिनं छिन्नी टेकवून हातोडा घातला, बोल्ट तसूतसूनं सरकला आणि खाली पडला. तुटलेल्याचा तुकडा त्याच वाटेनं ठोकून काढला. नवे बोल्ट घातले, आवळले, चाक चढवलं.

चंद्रपूरपर्यंतचा रस्ता तिला पुढं कधी नीट आठवला नाही. जंगलातल्या वळणांवर मागून कमळाचा आवाज येत होता, "हाये, हाये, दम हाये," एवढंच आठवलं.

दवाखान्यात त्याला तोंडावर ऑक्सिजन लावून आत नेलं. उशीर केला म्हणून डॉक्टर रागावले.  मग ती बाहेरच्या नळावर हात धूत बसली; काळं निघेना, नुसती आग होत होती.

दुपार कलल्यावर आत सोडलं तेव्हा मशीन चालू होतं. मुखरूच्या चेहऱ्यावरची सूज जराशी उतरली होती. ती पलंगाच्या कडेला बसली. 

"दिव्या," तो हळूच म्हणाला, "जाताना सावकाश घेजो. डाव्या बाजूचे बोल्ट जुनेच हाये अजून."

 तिनं नुसती मान हलवली.

"घरी गेल्यावर बदलू तेबी," तो म्हणाला. "मी सांगतो कसं काढाचे ते."