आतलाही काढा!

मी एक जुना रबरी मुखवटा आहे. मित्रांनो, घाबरू नका, जवळ या. माझे दात फोमचे आहेत आणि त्यातला एक उंदराने नेला. पण एके काळी मी सैतान होतो, तोही पडद्यावरचा!

माझा जन्म एका गोदामात झाला. तिथे धार्मिक भयपट बनत होता. खर्च इतका बेताचा की प्रार्थनाघर पुठ्ठ्याचं आणि नरकाचा धूर अंड्यांचे ट्रे जाळून केलेला. कपडे शिवायला एक ताई होती. तिला कोड होतं. कपाळावर, गालावर, ओठांभोवती पांढरे डाग. हात मात्र असा चालायचा की मशीनलाच धाप लागावी.

एक दिवस निर्माता फोन ठेवून म्हणाला, "वितरक म्हणतोय, हल्ली पिक्चरमध्ये सगळ्या प्रकारची माणसं लागतात. आपल्याकडे कोण आहे?"

सगळ्यांच्या माना ताईकडे वळल्या. माणुसकी अशी अचानक येते बघा, फोनवरून.

"ताई, तुम्ही देवदूत," दिग्दर्शक म्हणाला. "चेहरा आहे तसाच. मेकअप नाही."

ताईची मुलगी सात वर्षांची. तिच्या डाव्या पापणीवर नुकताच एक डाग उमटला होता आणि वर्गातली पोरं तिला 'पाल' म्हणायला लागली होती. ताईला नावबिव काही नको होतं. आपल्यासारख्या चेहऱ्याला पंख लागलेले पोरीने एकदा बघावेत, बस.

गालांपर्यंत येणारा मुकुट मापाचा व्हावा म्हणून तिच्या तोंडाचा प्लास्टरचा साचा घेतला. नाकात दोन नळ्या घालून बाई अर्धा तास दगडासारखी पडून होती.

आणि शूटिंगच्या तोंडावर निर्मात्याची मेहुणी आली. गोरीपान.

"भावोजी, पंख मला!"

भावोजींची काय बिशाद?

"मग ताईंचं काय?" दिग्दर्शकाने विचारलं.

"सैतान कर की!" निर्माता म्हणाला. "झाली ना सगळ्या प्रकारची माणसं? साचाही तयार आहे."

त्याच साच्यातून मी निघालो. शिंगं चिकटवली. रंगवणाऱ्याला डोकं चालवायचा कंटाळा. समोर ताई मेहुणीच्या पंखांना टाके घालत बसली होती. तिच्याकडे बघून त्याने माझ्यावर डाग रंगवले. हुबेहूब!

"अहो, हे तर माझंच तोंड," ताई म्हणाली.

"शिंगं आहेत ना ताई. कोण ओळखतंय?"

पहिल्या खेळाला निर्मात्याने शक्कल काढली. पिक्चर संपला की सैतान प्रेक्षकांत धावेल, मग मुखवटा काढेल, लोक टाळ्या वाजवतील. ताईने एकच अट घातली, "मुखवटा मी माझ्या हाताने काढणार. आणि माझी पोरगी पहिल्या रांगेत बसणार." पंख नाही तर नाही, उघड्या तोंडाला टाळ्या तरी पडतील.

मित्रांनो, काय मजा आली म्हणून सांगू! ताई मला घालून प्रेक्षकांत धावली आणि हॉलभर किंकाळी उठली. एकाने चप्पल फेकली. एका काकूंनी नवऱ्याला सोडून शेजारच्यालाच मिठी मारली. दिवे लागले. ताईने मला सोलून काढलं.

टाळी पडली नाही. पहिलीपेक्षा मोठी किंकाळी उठली. मग कोणीतरी हसलं.

"अरे, आत अजून एक आहे!"

"आतलाही काढा!"

बघता बघता सगळा हॉल तालात ओरडायला लागला. आतलाही काढा! आतलाही काढा! एक सद्गृहस्थ पुढे आले आणि कड सापडते का म्हणून त्यांनी ताईचा गाल नखाने ओढून पाहिला.

"काय घट्ट बसवलाय!" ते कौतुकाने म्हणाले.

 पहिल्या रांगेतल्या मुलीने डाव्या पापणीवर तळहात ठेवला आणि उजव्या डोळ्याने आईकडे बघत राहिली.

पिक्चर चालला. 'सर्वांना सामावून घेणारा' असं कौतुक छापून आलं. मेहुणीचा सत्कार झाला. माझी रवानगी ताईच्या घरी, चिंध्यांच्या पेटीत.

रबराची निगा सोपी असते. पावडर लावा, उन्हात टाकू नका, नखाने ओढू नका. फाटलो तरी माझ्यासारखा दुसरा ओतता येतो.

रोज शाळेत जायच्या आधी ती पोरगी मला बाहेर काढते. आरशासमोर घालते, मग काढते. मग आरशाच्या अगदी जवळ जाऊन डाव्या पापणीवर नखाने कड शोधत बसते.

मित्रांनो, माझं तोंड नुसतं रंगवलेलं आहे. तुम्ही तरी तिला सांगा रे, तिथे कड नाही.